औषधाला दाद न देणारी फिट

घाटकोपरच्या एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. त्यांची मुलगी एकोणीस वर्षांची. सातवीत असताना पहिली फिट आली, तेव्हापासून गोळ्या सुरू आहेत. आधी एक, मग दोन, आता तीन प्रकारच्या. तरी महिन्यातून चार-पाच वेळा ती बोलता बोलता थांबते, नजर एका जागी लागते, तोंडाने काही चघळल्यासारखे करते, हाताने ओढणी चाचपत राहते आणि दोन मिनिटांनी विचारते, "आई, काय झालं?" कधीमधी सबंध अंगाची आकडी येते. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी आता ऑपरेशनच्या तपासण्या करून घ्या असे सांगितले आहे. पत्राच्या शेवटी या माउलीने विचारले आहे, "भाऊ, जित्या पोरीचं डोकं उघडायचं म्हणजे काय खेळ आहे का? त्यापेक्षा आहे ते बरं नाही का?"

हाच प्रश्न आम्हाला मुलुंडच्या वस्तीत आणि बोरिवलीच्या एका महिला मंडळातही विचारला गेला आहे. म्हणून या अंकातले सदर त्यालाच दिले आहे.

'आहे ते बरं' या शब्दांपासूनच सुरुवात करू. ज्याला औषध चालू असूनही फिट येत राहतात त्याचे 'आहे ते' बरे नसते. मोरीत अंघोळ करताना फिट आली तर माणूस गुडघाभर पाण्यातही जातो. स्टोव्हपाशी आली तर भाजतो. लोकलच्या दारात, पोटमाळ्याच्या शिडीवर, रस्ता ओलांडताना आली तर काय होते हे सांगायला नको. शिवाय झोपेत अचानक मरण येण्याचा धोका या आजारात असतो. सगळे रुग्ण धरले तर मोठ्या माणसांत तो वर्षाला साधारण हजारात एक इतका आहे. ज्यांना मोठ्या आकड्या आवरत नाहीत त्यांच्यात त्याहून पुष्कळ जास्त. शाळा सुटते, नोकरी टिकत नाही, मुलगी घरात बसते. हे सगळे एका पारड्यात टाकायचे आणि ऑपरेशनचा धोका दुसऱ्या पारड्यात. एकच पारडे बघून निर्णय करू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

फिट, फेफरे, आकडी, मिरगी, अपस्मार ही सारी एकाच आजाराची नावे. मेंदूचे काम बारीक विजेच्या प्रवाहांवर चालते. मेंदूच्या एखाद्या भागात हे प्रवाह एकाएकी, एकाच वेळी आणि बेसुमार उसळले की फिट येते. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, भारतात त्यातले एक कोटीच्या आसपास. तो अंगात येणे नाही, करणी नाही, मागच्या जन्माचे पाप नाही आणि स्पर्शाने लागत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे पुन्हा सांगावे लागू नये. पण फिट आली की चप्पल हुंगायला देणारे, मुठीत लोखंडाची किल्ली कोंबणारे आणि नाकाला कांदा लावणारे हात आम्ही विहाराच्या पायरीवरही पाहिले आहेत. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. श्रेय मात्र चपलेला मिळते! कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटे झाली आणि थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी सुरू झाली, तर सरळ इस्पितळ गाठा.

आता औषधाला दाद न देणे म्हणजे काय ते पाहू. डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० साली याची व्याख्या ठरवली. त्या प्रकारच्या फिटसाठी योग्य अशी दोन औषधे, पुरेशा मात्रेत, नीट घेऊनही फिट थांबल्या नाहीत तर तो आजार औषधाला दाद देत नाही असे समजावे. दोनच का? स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी ४७० नव्या रुग्णांचा हिशेब २००० साली प्रसिद्ध केला. पहिल्याच औषधाने ४७ टक्के लोकांच्या फिट थांबल्या. दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांच्या. तिथून पुढे तिसरे औषध द्या की दोन एकत्र करा, भर पडली ती जेमतेम चार टक्क्यांची. म्हणजे दहातले सहा जण पहिल्या दोन औषधांतच बरे राहतात आणि साधारण तिघांतल्या एकाला औषध पुरत नाही. या तिसऱ्या माणसाला दहा-वीस वर्षे नुसत्या गोळ्या बदलत ठेवण्यात अर्थ नसतो. परदेशांतही ऑपरेशनपर्यंत पोहोचायला रुग्णाला सरासरी वीस वर्षे लागल्याचे दिसले आहे. सातवीतल्या मुलीची वीस वर्षे म्हणजे तिचे सारे शिक्षण, लग्न आणि नोकरीचे वय त्यात संपते.

पण थांबा. औषध हरले असे म्हणण्याआधी ते खरोखर पोटात गेले का, हे आपले आपण तपासायचे आहे, आणि आमच्या मते आपल्या वस्त्यांत निम्मे भांडण इथेच मिटेल. महिन्याच्या पंचवीस तारखेला गोळ्या संपतात, पगार सात तारखेला होतो, मधले बारा दिवस 'बघू' म्हणून जातात. नाइट शिफ्टला गेलेला मुलगा रात्रीची गोळी सकाळी घेतो. गावी जाताना डबी घरीच राहते. दवाखान्याच्या खिडकीवर एप्टॉइन मिळाली नाही म्हणून चार दिवस खाडा होतो. फिट बंद झाल्या म्हणून सासूबाई म्हणतात, "आता कशाला गोळ्या, गरम पडतात." मग पुन्हा फिट येते, आणि औषध निकामी ठरते ते डॉक्टरांच्या कागदावर. दारू, उपास आणि जागरण हीदेखील फिटची आमंत्रणे. चैत्यभूमीला ५ डिसेंबरची रात्र रांगेत काढणाऱ्या, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पहाटेपर्यंत नाचणाऱ्या आपल्या रुग्ण तरुणांना आमची विनंती आहे की बाबासाहेबांना अभिवादन दिवसाउजेडीही करता येते. पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या उपासिकांनीही संध्याकाळची गोळी चुकवू नये. औषध घेतल्याने उपोसथ मोडत नाही.

आणखी एक. फिटसारखे दिसणारे सगळे फिट नसते. चक्कर येऊन पडणे, हृदयाच्या ठोक्यांचा आजार, मनावरच्या ताणाने येणारे झटके यांवर फिटच्या गोळ्या चालणारच नाहीत. मनाचे झटके म्हणजे नाटक नव्हे, तोही आजारच. त्याचा इलाज वेगळा.

एवढे सारे पाहूनही फिट येत असतील, तर न्यूरॉलॉजिस्टला स्पष्ट विचारा, "साहेब, दोन औषधं नीट घेऊन झाली, ऑपरेशन होईल का ते तपासाल का?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

ऑपरेशन सगळ्यांचे होत नाही. फिट मेंदूच्या एकाच ठिकाणाहून सुरू होत असेल, आणि तेवढा भाग काढल्याने हातपाय, बोलणे, आठवण यांचे फार नुकसान होणार नसेल, तरच शस्त्रक्रिया. पत्रातल्या मुलीच्या फिटचे वर्णन कानशिलाच्या आतल्या भागातून, म्हणजे टेंपोरल लोबमधून, येणाऱ्या फिटशी जुळते. लहानपणी तापात फार वेळ चाललेली आकडी आलेल्या काही मुलांत पुढे या भागातला हिप्पोकॅम्पस नावाचा करंगळीएवढा भाग सुकतो, कडक होतो आणि फिटचे उगमस्थान बनतो. ऑपरेशनने सर्वात चांगला गुण येतो तो याच प्रकाराला. काहींच्या मेंदूत लहानशी गाठ असते, काहींच्यात जन्मापासून एखाद्या भागाची जडणघडण बिघडलेली असते. तेही काढता येते. अर्धा मेंदू बिघडलेल्या लहान मुलांत तो अर्धा भाग दुसऱ्या भागापासून तोडून अलग करतात, आणि मूल चालते, बोलते. ऐकायला खोटे वाटते, पण खरे आहे.

जागा शोधण्यासाठी फिटच्या आजारासाठी खास पद्धतीने काढलेला एमआरआय लागतो, आणि व्हिडिओ ईईजी. यात रुग्णाला काही दिवस भरती करून डोक्याला तारा चिकटवतात, समोर कॅमेरा लावतात आणि फिट येण्याची वाट पाहतात. कधी डॉक्टर त्यासाठी गोळ्या कमी करतात. नातेवाईक इथे घाबरतात, "बरं करायला आणलं आणि फिट आणवतात!" पण चोर पकडायचा तर त्याला येऊ द्यावे लागते. तिथे सिस्टर आणि डॉक्टर जवळ असतात, पलंगाला कठडे असतात. सोबतच्या माणसाचे काम एवढेच, की फिट सुरू होताच घंटा दाबायची, रुग्णावरचे पांघरूण दूर करायचे, कॅमेऱ्याच्या आड उभे राहायचे नाही आणि अंगावर झेप घेऊन हातपाय दाबायचे नाहीत. मानसशास्त्रज्ञ आठवणीच्या आणि बोलण्याच्या परीक्षा घेतात. "पोरगी वेडी आहे का?" म्हणून त्यावर रागावू नये. कुठला भाग काढला तर काय गमवावे लागेल, हे त्यातून कळते.

घरी एक वही करा. तारीख, वेळ, किती मिनिटे, आधी काय झाले, मान कुठल्या बाजूला वळली, कुठला हात ताठला, नंतर बोलता येत होते का. आता प्रत्येक घरात मोबाईल आहे, एखाद्या फिटचे चित्रीकरण करून ठेवा आणि ते फक्त डॉक्टरांना दाखवा. विनयपिटकाच्या महावग्गात भगवंतांनी चांगल्या रुग्णाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत औषध घेणे तर आहेच, पण आपला आजार वाढला, कमी झाला की तसाच आहे हे शुश्रूषा करणाऱ्याला जसेच्या तसे सांगणे, हेही एक लक्षण आहे. वही म्हणजे दुसरे काय?

त्याच महावग्गात वैद्य जीवकाची कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीला वर्षानुवर्षे डोक्याचा आजार होता आणि वैद्यांनी हात टेकले होते. जीवकाने त्याला मंचकाला बांधले, डोक्याची कातडी कापली, कवटीची शिवण उघडून दोन किडे बाहेर काढले, पुन्हा शिवले आणि लेप लावला. ही फिटची शस्त्रक्रिया होती असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्यातली शुश्रूषेची गोष्ट मोठी मौजेची आहे. जीवकाने त्याच्याकडून आधी कबूल करून घेतले होते, की सात महिने एका कुशीवर, सात दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणे पडून राहीन. श्रेष्ठी दर वेळी सात दिवसांतच कंटाळला. एकवीस दिवस झाले तेव्हा जीवक म्हणाला की तेवढेच पुरेसे होते; सात महिने सांगितले नसते तर तू सात दिवसही पडला नसतास! कुठल्याही वॉर्डातल्या सिस्टरला विचारा, ही कथा तिला लगेच पटेल.

आपल्या देशात फिटवरची आधुनिक शस्त्रक्रिया नवी नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चँडी यांनी ती १९५२ साली केली. १९९५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने नियमित कार्यक्रम सुरू झाला आणि तिथून ही विद्या देशभर पसरली. गुण किती येतो? कॅनडात टेंपोरल लोबच्या ८० रुग्णांच्या दोन तुकड्या केल्या, निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना औषधे. २००१ मध्ये निकाल आला. वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते ऑपरेशनवाल्यांतले ५८ टक्के, औषधवाल्यांतले ८ टक्के. या काळात एक रुग्ण दगावला, आणि तो औषधांच्या तुकडीतला होता. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर असाच अभ्यास होऊन २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिथे आकडे ७७ आणि ७ असे आले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एम्सच्या त्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्या सुमारे तिघांतल्या एका मुलाला गंभीर त्रास झाला. बहुतेकांना एका बाजूची कमजोरी आली. मेंदूचा मोठा भाग अलग करण्याच्या ऑपरेशनात ती येणार हे आधीच धरलेले असते. टेंपोरल लोबच्या ऑपरेशनात असे क्वचित होते, पण डाव्या बाजूचे असेल तर नावे चटकन न आठवणे, नव्या गोष्टी लक्षात राहायला वेळ लागणे असे होऊ शकते. नजरेच्या वरच्या कोपऱ्यातला एक तुकडा दिसेनासा होऊ शकतो. मग पोटमाळ्याच्या कडेला डोके आपटते. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे धोके कुठल्याही ऑपरेशनला असतात. काहींच्या फिट पूर्ण थांबत नाहीत, कमी होतात. आणि ज्यांचे ऑपरेशन होऊच शकत नाही त्यांच्यासाठी मानेतल्या नसेला बॅटरी बसवणे, लहान मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली भरपूर स्निग्धाचा खास आहार असे अन्य मार्ग आहेत. सही करण्याआधी हे सगळे मराठीत समजावून मागा. तो तुमचा हक्क आहे.

आता शुश्रूषा. सर्जनचे काम काही तासांचे असते, सिस्टरचे आणि घरच्यांचे काम काही महिन्यांचे. फिटच्या गोळ्या ऑपरेशनच्या दिवसापर्यंत चालूच असतात. उपाशी ठेवतात म्हणून सकाळची गोळी आपल्या मनाने गाळायची नाही, सिस्टरला विचारायचे. ऑपरेशननंतर अतिदक्षता विभागात सिस्टर तासातासाला उठवते, नाव विचारते, डोळ्यांत बॅटरी मारते, "हात दाब, पाय उचल" म्हणते. काचेबाहेरून बघणारी आई कळवळते, "झोपू द्या ना लेकराला." पण डोक्यात रक्त साचत असेल तर त्याची पहिली खूण याच प्रश्नांच्या उत्तरांत सापडते. पलंगाची उशाकडची बाजू थोडी वर असते, ती कोणी खाली करू नये. सांगितल्याशिवाय पाण्याचा थेंबही पाजू नये. ऑपरेशनच्या बाजूचा डोळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुजून बंद होतो. डोळा गेला म्हणून रडारड होते, आणि आठवड्यात तो उघडतो. पहिल्या काही दिवसांत एखादी फिट आली तर ऑपरेशन फुकट गेले असे समजू नका, त्यावरून पुढचा निकाल ठरत नाही. मात्र लपवूही नका. आणि गठ्ठ्यागठ्ठ्याने भेटायला येऊ नका. सबंध चाळ येऊन पलंगावर बसली की जंतूही सोबत येतात. आपल्या समाजाच्या किती मुली आज सिस्टर आहेत, किती मावश्या आणि वॉर्डबॉय आहेत! त्यांनी आपल्या लोकांना हे वॉर्डाच्या दारातच ठणकावून सांगावे.

महावग्गात चांगल्या शुश्रूषकाचीही लक्षणे आहेत. औषध तयार करता येणे, पथ्य-कुपथ्य कळणे, मोबदल्याच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र-ओकारीची किळस न करणे आणि रुग्णाला धीर देईल असे धम्माचे चार शब्द बोलणे. भगवंतांनी स्वतः आनंदाला बरोबर घेऊन आपल्याच विष्ठेत पडलेल्या भिक्खूला धुतले, उचलून निजवले, तेव्हाची ही कथा. आजही त्या यादीत काही घालावे लागत नाही.

घरी आल्यावर टाके साधारण सात ते दहा दिवसांत काढतात. तोवर जखम कोरडी ठेवा, तेल नको, हळद नको, कुणाच्या सांगण्यावरून कसली राख तर मुळीच नको. ताप आला, जखमेतून पू किंवा नितळ पाणी आले, नाकातून पाणी गळू लागले, डोकेदुखी वाढून उलट्या होऊ लागल्या, गुंगी आली, एक हात किंवा पाय ढिला पडला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री इस्पितळात न्या. जबड्याचा स्नायू कापलेला असतो, त्यामुळे काही आठवडे भाकरी चावताना दुखते. पेज, खिचडी, वरणभात द्या. पाण्याच्या हंड्याला दीड-दोन महिने हात लावू देऊ नका. पोटमाळ्यावर झोपवू नका, खाली अंथरूण घाला. मोरीचे दार नुसते लोटून घ्यायचे, कडी नाही. सार्वजनिक संडासाला जाताना कोणीतरी बाहेर उभे राहावे. गॅसपाशी एकटे सोडू नये. लोकलने जाताना दारापासून लांब.

एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. फिट थांबल्या तरी काही रुग्ण पहिल्या महिन्यांत उदास होतात, चिडतात, रडतात. एक तर मेंदूवर घाव झालेला असतो. दुसरे, वर्षानुवर्षे 'आजारी' म्हणून जगलेल्या माणसाला एकदम 'आता झालास ना बरा, लाग कामाला' असे म्हटले की त्याला ओझे वाटते. टोमणे मारू नका. उदासी टिकली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. आणि गोळ्या? त्या चालूच राहतात, बहुधा वर्ष-दोन वर्षे, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. ऑपरेशन झाले म्हणून डबी फेकून देणाऱ्याला फिट पुन्हा गाठते.

जायचे कुठे? राजावाडी, कूपर, मुलुंडचे अग्रवाल, कांदिवलीचे बाबासाहेबांच्या नावाचे शताब्दी, इथे औषध सुरू होते आणि चालते. फिट आवरत नसतील तर तिथून चिठ्ठी घेऊन पालिकेच्या केईएम, सायन किंवा नायरच्या, नाहीतर सरकारी जे.जे.च्या न्यूरॉलॉजी विभागात जावे. फिटच्या शस्त्रक्रिया परळच्या केईएममध्ये झालेल्या आहेत. मध्य रेल्वेवरच्यांना परळ सरळ आहे, अंधेरी-बोरिवलीकरांनी दादरला गाडी बदलावी. अंधेरीत कोकिळाबेन अंबानी रुग्णालयातही ही शस्त्रक्रिया होते, पण खाजगीतला खर्च लाखांत जातो हे धरून चला. पालिकेत तपासणीची तारीख लांबची मिळते; ती घेऊन ठेवा आणि चुकवू नका. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून आपले ऑपरेशन योजनेत बसते का ते भरती होण्याआधी विचारा. त्यापुढे उरलेल्या खर्चासाठी इस्पितळातल्या समाजसेवा विभागाच्या सोशल वर्करला भेटा. ट्रस्टांचे अर्ज तिच्यामार्फत जातात. जुना केसपेपर, सगळे फोटो, गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि वही एका पिशवीत. कागद हरवले म्हणून तपासण्या पहिल्यापासून करणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

आणि शेवटी ज्या भीतीने हे सगळे लपवले जाते ते, मुलीचे लग्न. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात वारंवार येणारे फेफरे हा लग्नाला अडथळा ठरवला गेला होता. आपल्याला स्वतंत्र बौद्ध विवाह कायदा नसल्याने, बुद्धवंदना म्हणून लागलेले आपले लग्नही याच कलमाखाली येत होते. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने पाठपुरावा केला आणि १९९९ साली संसदेने दोन्ही कायद्यांतून तो शब्द काढून टाकला. म्हणजे फिट येते म्हणून लग्न बेकायदा, असे आता कोणी म्हणू शकत नाही. पण लपवून केलेले लग्न फसवणुकीच्या मुद्द्यावर कोर्टात ओढले जाऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे, लपवायचे म्हणून सून गोळ्याच घेत नाही आणि सासरी पहिल्याच आठवड्यात पडते. बघायला आलेल्यांना बैठकीतच सांगावे. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावी. चार स्थळे परत जातील, जाऊ द्यात.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला एवढेच आणखी सांगतो. मुलीच्या तीन गोळ्यांत व्हॅलप्रोएट आहे का ते डॉक्टरांना विचारा. पाकिटावर व्हॅलपॅरिन किंवा तसे दुसरे नाव असेल. ते गर्भातल्या बाळाला घातक ठरू शकते. शिवाय फिटच्या काही गोळ्यांमुळे पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा असर कमी होतो. आपल्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही, पण गोळी बदलायला काही महिने लागतात. तेव्हा ऑपरेशन होवो न होवो, हे बोलणे लग्नाची तारीख काढण्याआधी उरकून घ्या, आणि फॉलिक ॲसिडची गोळी कधीपासून घ्यायची तेही त्याच वेळी लिहून आणा.